बिटटॉरेंट
मोठ्या आकारमानाच्या संगणकीय फाइली एकाच मध्यवर्ती सर्व्हरवरून सर्वांना न पुरविता, त्या उतरवून घेणाऱ्या संगणकांनीच परस्परांना तुकड्यातुकड्यांनी पुरवाव्यात, अशी एक वितरणपद्धती व तिचे नियम यांना मिळून ‘बिटटॉरेंट’ असे म्हणतात. ‘बिट’ हे संगणकीय माहितीचे सर्वांत लहान एकक होय आणि ‘टॉरेंट’ याचा अर्थ वेगाने वाहणारा लोंढा असा आहे. या पद्धतीत भाग घेणारे सर्व संगणक तत्त्वतः एकाच पातळीवरचे असतात. प्रत्येक जण एकाच वेळी घेणाराही असतो व देणाराही असतो. म्हणून तिची गणना समकक्ष वितरणपद्धतींमध्ये केली जाते. अमेरिकन आज्ञावलीकार ब्रॅम कोहेन यांनी ती २००१ मध्ये तयार केली. चित्रपट व संगीत यांच्या अनधिकृत देवघेवीशी तिचे नाव सामान्यतः जोडले जाते. तथापि मुक्त आज्ञावल्यांचे, विशेषतः लिनक्स या परिचालन प्रणालीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे, जगभर वितरण करण्याच्या कामी तिचा मोठा उपयोग झालेला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे याच उपयोगाचा विचार केला आहे. [→ इंटरनेट, संगणक].

मध्यवर्ती वितरणाची मर्यादा : इंटरनेटवरून फाइल मिळविण्याची रूढ रीत अशी, की फाइल एका सर्व्हरवर ठेवलेली असते आणि ज्याला ती हवी असेल त्याचा संगणक सर्व्हरकडे मागणी करतो. सर्व्हर प्रत्येक मागणीगणिक संपूर्ण फाइल नव्याने पाठवितो. दहा जणांनी मागणी केल्यास दहा वेळा व दहा हजार जणांनी केल्यास दहा हजार वेळा तीच फाइल त्याच वाहिनीतून जाते. वाहिनीची वहनक्षमता ठराविक असल्याने मागणी वाढेल तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो व शेवटी सर्व्हर प्रतिसाद देईनासा होतो. म्हणजे ज्या दिवशी एखादी वस्तू सर्वाधिक लोकांना हवी असते, नेमक्या त्याच दिवशी ती मिळणे सर्वांत कठीण होते.

लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होती. एका तबकडीत मावणारी प्रणालीची प्रत सु. ६५० ते ७०० मेगाबाइट भरे आणि कित्येक आवृत्त्यांना अशा तीन किंवा अधिक तबकड्या लागत. नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, की पहिल्या काही दिवसांतच हजारो लोक ती मागत. प्रणाली विनामूल्य असल्यामुळे मागणीबरोबर वितरकाचे उत्पन्न वाढत नसे; खर्च मात्र वाढत असे. या अडचणीवर तीन उपाय रूढ होते. पहिला, विद्यापीठे व इतर संस्था यांनी आपल्या सर्व्हरवर त्याच फाइलींच्या प्रती ठेवणे. दुसरा, तबकड्या टपालाने पाठविणे. उबुंटू या लिनक्स आवृत्तीच्या तबकड्या २००५ ते २०११ या काळात मागणी करणाऱ्यास जगभर विनामूल्य पाठविल्या जात. भारतात दूरध्वनीच्या तारेवरील मंद जोडणीच्या काळात संगणकविषयक मासिकांसोबत मिळणाऱ्या तबकड्या हा लिनक्स मिळविण्याचा एक प्रमुख मार्ग होता. तिसरा उपाय म्हणजे जगभर सर्व्हर पसरवून ठेवणाऱ्या व्यापारी वितरण-जालांची सेवा विकत घेणे. पहिला उपाय इतरांच्या औदार्यावर अवलंबून असे, दुसरा वेळखाऊ व तिसरा खर्चिक होता.

तत्त्व : फाइल उतरवून घेणाऱ्या प्रत्येक संगणकाची पाठविण्याची क्षमताही काही ना काही असते, परंतु रूढ रीतीत ती वाया जाते. फाइलीचा जो भाग एखाद्याच्या हाती आला तो त्याने लगेच दुसऱ्याला देण्यास सुरुवात केली, तर प्रत्येक नवा मागणी करणारा हा नवा पुरवठा करणाराही ठरतो. समकक्ष वितरणाचे हे मूलतत्त्व होय. लहान गावातील कार्यात वाढपी व जेवणारे वेगळे न ठेवता आधी जेवलेली पंगतच पुढच्या पंगतीला वाढावयास उभी राहते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे जेवण पुरे होण्याची वाट न पाहता प्रत्येक जण जेवता जेवताच वाढत असतो.

या तत्त्वाने पडणारा फरक एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. फाइल ४ गीगाबाइटांची म्हणजे ३२,००० मेगाबिटांची आहे, सर्व्हरची पाठविण्याची क्षमता सेकंदास १०० मेगाबिट आहे आणि ती १,००० जणांना हवी आहे असे समजू. सर्व्हरने एकट्याने सर्व प्रती पाठवावयाच्या झाल्यास ३,२०,००० सेकंद, म्हणजे सु. ३ दिवस १७ तास लागतील. मागणी करणारे १०,००० झाले, तर हाच काळ सु. ३७ दिवसांवर जाईल. आता प्रत्येक घेणारा सेकंदास १० मेगाबिट या वेगाने इतरांना देऊ शकतो असे धरू. एक हजार घेणाऱ्यांची व सर्व्हरची मिळून एकूण क्षमता सेकंदास १०,१०० मेगाबिट होते व आदर्श परिस्थितीत सर्वांना फाइल मिळण्यास सु. ५३ मिनिटे पुरतात. घेणारे १०,००० असले, तरी एकूण क्षमता त्याच प्रमाणात वाढलेली असते. त्यामुळे लागणारा काळ पुन्हा सु. ५३ मिनिटेच राहतो. प्रत्यक्षात सर्व जण एकाच वेळी येत नाहीत, सर्वांच्या वाहिन्या सारख्या नसतात आणि काही जण मध्येच निघून जातात. म्हणून हा आदर्श साधत नाही. तथापि मध्यवर्ती रीतीत मागणीच्या प्रमाणात काळ वाढतो व समकक्ष रीतीत तो जवळजवळ स्थिर राहू शकतो, हा मूलभूत फरक यावरून ध्यानात येतो.

ऐतिहासिक आढावा : आपल्या संगणकावरील फाइल थेट दुसऱ्याच्या संगणकावर पोहोचविण्याची कल्पना १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टर या सेवेमुळे सर्वत्र परिचित झाली. तिच्यात फाइली लोकांच्या संगणकांवर असत, पण कोणती फाइल कोणाकडे आहे याची सूची मात्र मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेली असे. संगीताच्या अनधिकृत देवघेवीबद्दल झालेल्या खटल्यानंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. सन २००० मध्ये पुढे आलेल्या न्यूटेला या पद्धतीत मध्यवर्ती सूचीच नव्हती. प्रत्येक चौकशी एका संगणकाकडून अनेकांकडे पुढे पाठविली जाई व त्यामुळे जालावर चौकशांचाच भार फार होई. या दोन्ही पद्धतींत एक समान उणीव होती. संपूर्ण फाइल जवळ असलेल्या एखाद्याच व्यक्तीकडून ती सामान्यतः घेतली जाई व घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे काहीच देत नसत.

कोहेन यांनी फाइल शोधण्याचा प्रश्न पूर्णपणे बाजूला ठेवला व एकच विशिष्ट फाइल अनेकांपर्यंत कशी पोहोचवावी, एवढ्यावरच लक्ष केंद्रित केले. त्यांनी पायथॉन या भाषेत लिहिलेली पहिली आज्ञावली जुलै २००१ मध्ये उपलब्ध झाली. तिच्यामागील विचार त्यांनी २००३ मध्ये एका निबंधात मांडला. देणाऱ्याला देण्यापासून काही लाभ झाला पाहिजे, तरच अशी व्यवस्था टिकाऊ होते, हे त्या निबंधाचे मुख्य प्रतिपादन होते. बिटटॉरेंटचे नियम सर्वांना खुले असल्याने त्यांवर आधारलेल्या अनेक आज्ञावल्या निरनिराळ्या लोकांनी तयार केल्या. कोहेन यांच्या सहभागाने २००४ मध्ये स्थापन झालेली कंपनी २०१८ मध्ये ट्रॉन या कंपनीने विकत घेतली. नियम खुले असल्यामुळे पद्धतीचा वापर मात्र कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून राहिलेला नाही.

रचना व कार्य : वितरक प्रथम मूळ फाइलीचे समान आकाराचे तुकडे कल्पितो. प्रारंभीच्या काळात तुकडा सर्वसाधारणपणे २५६ किलोबाइटांचा असे. प्रत्येक तुकड्यावर ठराविक गणिती क्रिया करून त्याचा एक छोटा अंकीय ठसा काढला जातो. मूळ नियमांत यासाठी ‘एसएचए-१’ ही रीत असून तिने मिळणारा ठसा २० बाइटांचा असतो. तुकड्यातील एक बिट जरी बदलला, तरी ठसा पूर्णपणे बदलतो. हे सर्व ठसे, फाइलीचे नाव व आकारमान आणि कोठे चौकशी करावी तो पत्ता एवढी माहिती एका लहान फाइलीत ठेवतात. तिला ‘टॉरेंट’ फाइल म्हणतात. पावणेदोन गीगाबाइटांच्या फाइलीचे वरील हिशेबाने सु. सात हजार तुकडे होतात व त्या सर्वांचे ठसे दीडशे किलोबाइटांच्या आत मावतात. वितरकाला आपल्या संकेतस्थळावरून सर्वांना द्यावी लागते ती एवढी लहान फाइलच.

टॉरेंट फाइल मिळाल्यावर वापरणाऱ्याचा संगणक ‘ट्रॅकर’ नावाच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. ट्रॅकरजवळ मूळ फाइल नसते. सध्या त्या फाइलीच्या देवघेवीत कोणकोणते संगणक सामील आहेत, एवढीच नोंद तो ठेवतो व त्यांतील काहींचे पत्ते नव्याने येणाऱ्यास कळवितो. यानंतरचे सर्व व्यवहार त्या संगणकांमध्ये परस्पर होतात. एका फाइलीसाठी एकत्र आलेल्या अशा संगणकांच्या समूहास ‘थवा’ म्हणतात. ज्याच्याजवळ संपूर्ण फाइल आहे व जो केवळ देण्यासाठी जोडलेला आहे, त्यास ‘बीज’ अशी संज्ञा आहे. सुरुवातीस एकटा वितरकच बीज असतो. फाइल पूर्ण झालेला प्रत्येक जण निघून न गेल्यास पुढे बीज बनतो.

कोणता तुकडा आधी मागावा, याला महत्त्व आहे. सर्वांनी क्रमाने पहिल्यापासून तुकडे घेतले, तर सर्वांजवळ तेच ते तुकडे जमतील व एकमेकांना देण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून प्रत्येक संगणक आपल्या परिचयातील संगणकांकडे कोणते तुकडे आहेत ते पाहतो व त्यांपैकी जो सर्वांत कमी जणांकडे असेल तो आधी मागतो. या ‘दुर्मिळ ते प्रथम’ नियमाने दुर्मिळ तुकड्यांच्या प्रती आपोआप वाढतात. मूळ बीज अकस्मात बंद पडले, तरी थव्यातील सर्वांजवळचे तुकडे मिळून फाइल पूर्ण होण्याचा संभव त्यामुळे वाढतो. फाइल संपत आली, की उरलेले थोडे भाग एकाच वेळी अनेकांकडे मागितले जातात. एखाद्या मंद संगणकामुळे शेवट रखडू नये, हा त्यामागील हेतू असतो.

कोणाला द्यावे, याचा नियम ‘जशास तसे’ या तत्त्वावर आधारलेला आहे. मूळ रचनेत प्रत्येक संगणक एका वेळी सामान्यतः चार जणांनाच तुकडे पाठवितो. आपल्याला सर्वाधिक वेगाने देणाऱ्यांची तो निवड करतो व दर दहा सेकंदांनी ही निवड पुन्हा तपासतो. याखेरीज दर तीस सेकंदांनी एखाद्या संगणकाला, त्याने काही दिले आहे की नाही हे न पाहता, संधी दिली जाते. या उदार अपवादावाचून व्यवस्था चालली नसती. कारण नव्याने आलेल्याजवळ देण्यासारखे काहीच नसते व त्याला पहिला तुकडा कोणीतरी परतफेडीची अट न घालताच द्यावा लागतो.

प्रत्यक्ष अनुभव : या पद्धतीची मोठ्या प्रमाणावरील एक प्रारंभीची कसोटी २००३ मध्ये ‘रेड हॅट लिनक्स ९’ या आवृत्तीच्या वेळी लागली. तिच्या १.७७ गीगाबाइटांच्या फाइलीसाठी बनलेल्या थव्याच्या एप्रिल ते ऑगस्ट २००३ या पाच महिन्यांतील नोंदींचा अभ्यास फ्रान्समधील यूरेकॉम या संस्थेतील व अन्य संशोधकांनी केला व तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात सु. १,८०,००० संगणक थव्यात येऊन गेले आणि त्यांपैकी ५०,००० हून अधिक पहिल्या पाच दिवसांतच आले. मध्यवर्ती सर्व्हर ज्या गर्दीने कोलमडला असता, तीच गर्दी येथे वितरणाची शक्ती ठरली.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. बीज झालेल्या संगणकांनी दिलेली माहिती, अद्याप घेत असलेल्यांनी एकमेकांना दिलेल्या माहितीच्या दुपटीहून अधिक भरली. फाइल पूर्ण झाल्यानंतरही संगणक सरासरीने सु. साडेसहा तास जोडलेले राहिले होते. ‘जशास तसे’ हा नियम फाइल पूर्ण होईपर्यंतच लागू पडतो. त्यानंतर जोडलेले राहण्यात वापरणाऱ्याचा काहीच लाभ नसतो. म्हणजे या व्यवस्थेचा मोठा भार नियमाने नव्हे, तर काम झाल्यावरही संगणक सुरू ठेवणाऱ्यांनी उचलला होता. यांतील काही भाग सद्भावनेचा व काही केवळ दुर्लक्षाचा असेल. परिणाम मात्र दोहोंचा सारखाच.

मध्यवर्ती ट्रॅकरवाचून वितरण : मूळ रचनेत ट्रॅकर हा एकमेव मध्यवर्ती दुवा होता व तो बंद पडल्यास नवागतांना थवा सापडत नसे. ही उणीव २००५ पासून ‘विभाजित सूची’च्या साह्याने दूर झाली. पेटार मेमंकॉव्ह व डेव्हिड माझिएरेस यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेमलिया या योजनेवर ती आधारलेली आहे. तीत प्रत्येक संगणकाला व प्रत्येक फाइलीला एक मोठा क्रमांक असतो आणि ज्या संगणकांचे क्रमांक फाइलीच्या क्रमांकाच्या गणिती दृष्ट्या जवळचे असतील, ते त्या फाइलीच्या थव्याची नोंद ठेवतात. प्रत्येक चौकशी अपेक्षित क्रमांकाच्या टप्प्याटप्प्याने जवळ जाते. त्यामुळे लक्षावधी संगणकांच्या जालातही थोड्याच टप्प्यांत उत्तर मिळते. पुढे टॉरेंट फाइलीऐवजी केवळ तिचा ठसा असलेला ‘मॅग्नेट’ दुवा देण्याची रीतही रूढ झाली. बाकीची माहिती थव्यातूनच मिळविली जाते.

सत्यता व विश्वास : फाइलीचे तुकडे अनोळखी संगणकांकडून येत असल्याने त्यांत कोणी विषारी आज्ञा मिसळली तर काय, ही शंका साहजिक आहे. आज्ञावलीच्या बाबतीत ती अधिकच गंभीर ठरते. गाण्याचा एखादा तुकडा बिघडला तर खरखर ऐकू येईल, परंतु परिचालन प्रणालीत फेरफार झाल्यास संपूर्ण संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो. यावरील उपाय पद्धतीतच आहे. आलेल्या प्रत्येक तुकड्याचा ठसा टॉरेंट फाइलीतील ठशाशी ताडून पाहिला जातो व न जुळल्यास तो तुकडा टाकून दुसरीकडून मागविला जातो. त्यामुळे तुकडा कोणी दिला याला महत्त्व राहत नाही. या दृष्टीने ही पद्धत अशा पडताळणीवाचून केलेल्या साध्या उतरवणीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे.

मात्र या पडताळणीने सिद्ध होते ते इतकेच, की मिळालेली फाइल टॉरेंट फाइलीत वर्णिलेलीच आहे. ती टॉरेंट फाइल खऱ्या वितरकाची आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या आवृत्तीच्या संकेतस्थळावर शिरकाव करून हल्लेखोरांनी उतरवणीचा दुवा बदलला व काही काळ लोकांना चोरवाट ठेवलेली बनावट प्रत मिळत राहिली. टॉरेंटद्वारे प्रत घेणाऱ्यांना त्या प्रसंगी बाधा झाली नाही, असे प्रकल्पाने जाहीर केले. परंतु त्या संकेतस्थळावरील टॉरेंट फाइलच बदलली गेली असती, तर थव्याने बनावट प्रतही तितक्याच बिनचूकपणे पोहोचविली असती. त्याच वर्षी मार्चमध्ये ट्रान्समिशन या बिटटॉरेंट आज्ञावलीची मॅकिंटॉश संगणकांसाठीची प्रतच तिच्या अधिकृत संकेतस्थळावर दूषित झालेली आढळली. ती घेणाऱ्यांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी आज्ञावली तीत मिसळलेली होती. म्हणून प्रमुख लिनक्स प्रकल्प आपल्या फाइलींच्या ठशांची यादी अंकीय स्वाक्षरीसह स्वतंत्रपणे प्रसिद्ध करतात. वितरणाचा भार अनेकांत वाटता येतो. अस्सलपणाची जबाबदारी मात्र मूळ वितरकाकडेच राहते.

ठशाची रीतही कालांतराने जुनी होते. भिन्न मजकुराच्या दोन फाइलींचा एसएचए-१ ठसा एकच येईल अशी जोडी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था व गूगल यांच्या संशोधकांनी प्रत्यक्ष तयार करून दाखविली. आधीच अस्तित्वात असलेल्या फाइलीशी जुळणारी बनावट फाइल करणे याहून पुष्कळ कठीण असले, तरी सावधगिरी म्हणून बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘एसएचए-२५६’ ही अधिक भक्कम रीत स्वीकारण्यात आली. या आवृत्तीत फाइलीचे १६ किलोबाइटांचे भाग करून त्यांच्या ठशांची झाडासारखी रचना केली जाते; त्यामुळे चुकीचा भाग अधिक नेमकेपणाने ओळखता येतो.

इतर उपयोग : डेबियन, उबुंटू इ. लिनक्स आवृत्त्या आणि लिबरऑफिस हा कार्यालयीन आज्ञावल्यांचा संच यांच्या फाइली रूढ उतरवणीबरोबरच टॉरेंटद्वाराही दिल्या जातात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या खेळाच्या निर्मात्यांनी सुधारित आवृत्त्या खेळाडूंपर्यंत पोहोचविण्यासाठी या पद्धतीचा अवलंब केला होता. ट्विटर या कंपनीने २०१० मध्ये आपल्याच सर्व्हरांवर नवी आज्ञावली झपाट्याने पसरविण्यासाठी ती वापरली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ‘विंडोज १०’ प्रणालीबरोबर आणलेल्या सोयीत एका संगणकाने घेतलेल्या सुधारणा त्याच जालावरील, किंवा वापरणाऱ्याच्या निवडीनुसार इंटरनेटवरील, अन्य संगणकांना देता येतात. ती बिटटॉरेंट नसली, तरी तत्त्व तेच आहे. एकाच कार्यालयातील शंभर संगणकांनी तीच फाइल शंभर वेळा बाहेरून आणण्याचे त्यामुळे टळते.

मर्यादा : (१) घरगुती जोडण्यांत पाठविण्याचा वेग घेण्याच्या वेगापेक्षा पुष्कळदा बराच कमी असतो, त्यामुळे थव्याची एकूण क्षमता मर्यादित राहते. (२) अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याच्या रीतीमुळे, विशेषतः मोबाइल जालांवर, बाहेरील संगणकांना थेट जोडणी साधता येत नाही व असे वापरणारे घेऊ शकले, तरी त्यांच्याकडून इतरांना कमी मिळते. (३) ज्यांना वापरलेल्या माहितीच्या प्रमाणात पैसे मोजावे लागतात, त्यांना इतरांसाठी पाठविलेल्या माहितीचाही भुर्दंड पडतो. (४) लोकप्रियता ओसरल्यावर बीजे निघून जातात व जुन्या आवृत्त्या मिळेनाशा होतात. म्हणून निदान एक बीज कायम ठेवण्याची जबाबदारी कोणा संस्थेने घ्यावी लागते. (५) थव्यातील सर्वांना एकमेकांचे इंटरनेट-पत्ते दिसतात. त्यामुळे कोण काय घेत आहे हे गुप्त राहत नाही.

वाहिन्या पुरविणाऱ्या कंपन्यांशीही या पद्धतीचा संघर्ष झाला. अमेरिकेतील कॉमकास्ट ही कंपनी आपल्या ग्राहकांच्या बिटटॉरेंट जोडण्या बनावट संदेश पाठवून तोडत असल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. संघीय दळणवळण आयोगाने २००८ मध्ये कंपनीविरुद्ध निर्णय दिला. तथापि आयोगाला तसा अधिकार नसल्याचे ठरवून अपील न्यायालयाने तो २०१० मध्ये रद्द केला. जोडणीत विलंब वाढू लागताच आपला वेग आपणहून कमी करून इतर वाहतुकीला वाट देण्याची व्यवस्था पुढे या आज्ञावल्यांतच करण्यात आली व तिचे तांत्रिक वर्णन २०१२ मध्ये इंटरनेटच्या नियमदस्तऐवजांत समाविष्ट झाले.

कायदेशीर बाजू : वितरणपद्धती स्वतः बेकायदेशीर नसते, तिच्याद्वारे काय दिले जाते यावर कायदेशीरपणा अवलंबून असतो. हक्कधारकाच्या अनुमतीवाचून चित्रपट, संगीत किंवा विक्रीच्या आज्ञावल्या देणे हा स्वामित्वहक्काचा भंग होय. या पद्धतीत घेणारा त्याच वेळी इतरांना देतही असल्याने त्याची जबाबदारी केवळ घेणाऱ्यापेक्षा वाढते. अशा देवघेवीस आळा घालताना कायदेशीर वापरही अडतो, हा वादाचा मुद्दा ठरला. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चित्रपटांच्या संरक्षणासाठी दिलेल्या आदेशांनंतर इंटरनेट-सेवा कंपन्यांनी कित्येक संकेतस्थळे सरसकट बंद केली. त्यांत निरुपद्रवी संकेतस्थळेही होती. आदेश विशिष्ट पत्त्यांपुरताच आहे, असा खुलासा त्या न्यायालयाने त्याच वर्षी केला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणी सरसकट बंदीऐवजी पडताळून पाहिलेल्या विशिष्ट पत्त्यांवरच बंदी घालण्याची भूमिका घेतली. मुक्त आज्ञावल्यांच्या परवान्यांत प्रती करून इतरांना देण्याची मुभा स्पष्टपणे दिलेली असल्याने त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्‌भवत नाही.

स्थान व महत्त्व : व्यापारी वितरण-जालांचा विस्तार झाल्याने आणि वहनक्षमता स्वस्त झाल्याने अनेक कंपन्यांनी समकक्ष वितरण सोडून दिले. उदा., स्पॉटिफाय या संगीतसेवेने आपली समकक्ष यंत्रणा २०१४ मध्ये बंद करण्यास प्रारंभ केला. ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांना मध्यवर्ती व्यवस्था सोयीची पडते, कारण तीत वेगाची शाश्वती मिळते व सर्व नियंत्रण आपल्या हाती राहते. ज्यांची निर्मिती विनामूल्य आहे व मागणी मात्र जगभर आहे, अशा प्रकल्पांना समकक्ष वितरणाचा आधार मोलाचा वाटतो. त्यांच्या बाबतीतही ही पद्धत सामान्यतः एकटी वापरली जात नाही. स्वयंसेवी संस्थांचे सर्व्हर, व्यापारी जाल व थवा ही तिन्ही साधने एकमेकांना पूरक म्हणून ठेवली जातात. एक बंद पडल्यास दुसरे चालू राहते व संकेतस्थळावर शिरकाव झाल्याची शंका आल्यास स्वाक्षरी केलेल्या ठशांवरून कोणत्याही मार्गाने आलेली प्रत पारखून घेता येते. प्रत्येक थव्यात फाइल पूर्ण झाल्यावरही जोडलेले राहणारे संगणक जितके अधिक, तितकी ही व्यवस्था नंतर येणाऱ्यांना अधिक उपयोगी पडते.